राक्षस मागाहून, आधी अट: ग्रीक पुराणकथांवरून मुलांची साहस-कादंबरी लिहिताना

मुलांसाठी ग्रीक पुराणांवर साहस-कादंबरी लिहायला घेतलेली मंडळी मला आपले खर्डे वाचायला देतात, तेव्हा सुरुवातीच्या पानांतच अर्धं पुराण उरकलेलं असतं. केसांत साप वळवळणारी मेडूसा येते, एकडोळ्या सायक्लोप्स येतो, बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर येतो. प्रत्येकाशी तलवारीने झटापट होते, प्रत्येक जण मरतो आणि नायक पुढे निघतो. तिसऱ्या राक्षसापर्यंत ऐकणारं मूल चुळबुळायला लागतं. तलवार परजून जिंकणं आपल्याच्याने व्हायचं नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि त्या पानावर त्याने डोकं चालवावं असं काहीच उरलेलं नसतं.

म्हणून कथा निवडताना राक्षसाकडे बघू नका, त्याच्याशी जोडलेली अट शोधा. ग्रीक कथांत जवळजवळ प्रत्येक संकटाला अशी अट असते. मेडूसाकडे थेट बघायचं नाही, बघितलं की दगड होतो, म्हणून पर्सिअस ढालीतलं प्रतिबिंब बघत पुढे सरकतो. मेलेल्या बायकोला परत आणणाऱ्या ऑर्फिअसने पाताळातून वर येईपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. क्रीट बेटाभोवती रोज तीन फेऱ्या मारणारा ब्राँझचा टॅलोस कुणालाच आवरत नाही, पण त्याच्या अंगात शीर एकच, आणि तिचं तोंड घोट्यापाशी एका खिळ्याने बंद केलेलं. खिळा उपटला की तो संपला. ही गोष्ट कळली की दहा वर्षांची मुलगीही टॅलोसच्या तोडीस तोड होते. तिला फक्त त्याच्या घोट्यापर्यंत पोचायचं आहे. आता बघा, ऐकणारी मुलं स्वतःच बेत आखायला लागतात.

माझी सर्वांत लाडकी अट प्रोटिअसची. हा समुद्रातला म्हातारा देव. त्याला सगळं ठाऊक आहे, पण तो सांगत नाही. दुपारी तो आपल्या सील प्राण्यांच्या कळपात येऊन झोपतो. त्याला घट्ट धरायचं. तो सिंह होईल, साप होईल, बिबट्या होईल, रानडुक्कर, पाणी, झाडसुद्धा होईल. तरी सोडायचं नाही. तो पुन्हा आपल्या रूपात आला की विचाराल त्याचं उत्तर देईल. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात स्पार्टाचा राजा मेनेलेअस आणि त्याचे तीन सोबती सीलची कातडी पांघरून त्याची वाट बघत पडून राहतात, आणि त्या कातड्यांचा दर्प इतका असह्य असतो की प्रोटिअसची मुलगी आयडोथिआ त्यांच्या नाकाखाली सुगंधी अमृत लावते. अडीच हजार वर्षांपेक्षा जुन्या काव्यातला हा बारकावा मुलांना वाचून दाखवा आणि त्यांचे चेहरे बघा. असे बारकावे वहीत टिपून ठेवा. संक्षेपांच्या पुस्तकांत ते गाळलेले असतात. ग्रीक कवी होमर आणि हेसिअड, अपोलोडोरसच्या नावावरचा कथासंग्रह आणि रोमन कवी ओविड, एवढ्यांची जी भाषांतरं हाती लागतील ती सलग वाचा.

वाचताना प्रत्येक अट एका वाक्यात लिहून काढा: 'अमुक करायचं नाही, केलंच तर तमुक होईल.' एका वाक्यात मावत नसेल तर ती मुलाच्या डोक्यात राहणार नाही, सोडून द्या. मावत असेल तर तिच्यावर एक आख्खी कादंबरी उभी राहू शकते. मी सध्या जी लिहिते आहे ती अशा एकाच अटीवर उभी आहे, म्हणून तिच्याच आधाराने पुढचं सांगते.

अट स्टिक्सची आहे. स्टिक्स ही पाताळातली नदी, आणि त्या नदीची देवीही. देव स्टिक्सच्या पाण्यावर शपथ घेतात. हेसिअडने 'थिओगोनी' या काव्यात शपथ मोडणाऱ्या देवाची शिक्षा नेमकी सांगितली आहे: एक वर्ष तो श्वासाविना, आवाजाविना निपचित पडून राहतो, त्याला अमृत मिळत नाही. ते वर्ष सरलं की पुढची नऊ वर्षं त्याला देवांच्या सभेत आणि मेजवानीत प्रवेश नाही. दहाव्या वर्षी तो पुन्हा देवांत मिसळतो. मुलांच्या कादंबरीला याहून चांगलं बी कुठलं असणार? यात मृत्यू नाही, पण मृत्यूइतकं गंभीर काहीतरी आहे. मुदत ठरलेली आहे. आणि देवांनाही कायदा लागू आहे, ही गोष्ट मुलांना फार भावते.

आता या अटीत एक मूल आणायचं. इथे बरेच जण घाई करतात आणि 'निवडलेला एकमेव वारस' आणून उभा करतात. त्यापेक्षा त्या अटीमुळे ज्याचं सर्वांत जास्त नुकसान होईल असं मूल शोधा. माझी मिर्टो दहा वर्षांची आहे. ती अ‍ॅटिकाच्या पूर्व किनाऱ्यावर ब्राउरॉन इथल्या आर्टेमिस या शिकारीच्या देवीच्या देवस्थानात 'अस्वल' म्हणून राहते. ही प्रथा खरी होती. अथेन्सकडच्या काही लहान मुली, साधारण पाच ते दहा वर्षांच्या, तिथे आर्टेमिसच्या सेवेत असत आणि त्यांना अस्वलं म्हणत. केशरी रंगाचा अंगरखा, विधीतल्या शर्यती, नाच, सगळं होतं. तिथे सापडलेल्या छोट्या भांड्यांवर धावणाऱ्या मुली रंगवलेल्या आहेत. कथा अशी की एका माणसाळलेल्या अस्वलाने एका मुलीला ओरबाडलं, तिच्या भावांनी त्याला मारलं, आर्टेमिस कोपली आणि भरपाई म्हणून मुलींनी अस्वल व्हायचं ठरलं. ग्रीक जगात मुलींना घराबाहेरचं आयुष्य फारसं नव्हतं असं म्हणून नायिका टाळणाऱ्यांना मी नेहमी ब्राउरॉनकडे बोट दाखवते.

त्या देवस्थानात एक पवित्र झरा आहे, आणि ग्रीक समजुतीप्रमाणे प्रत्येक झऱ्याला त्याची नायड, म्हणजे जलदेवता, असते. माझ्या कथेतल्या नायडने मर्त्य माणसाशी कधीही बोलणार नाही अशी स्टिक्सची शपथ घेतलेली आहे. मिर्टो पाण्यात बुडत असताना ही नायड ओरडून बाकीच्या मुलींना बोलावते. मिर्टो वाचते. दुसऱ्या दिवशी झरा आटलेला असतो आणि नायड तळाशी निपचित पडलेली असते. मिर्टोला घराबाहेर काढायला याहून वेगळं कारण लागत नाही. कुणी भविष्यवेत्ता लागत नाही, रहस्यमय पत्र लागत नाही. जिने वाचवलं तिची ही गत आपल्यामुळे झाली, एवढं एखाद्या मुलाला कळलं की ते चालायला लागतं. तुमच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण लिहून झाल्यावर हे तपासा: मुलाने घरी राहायचं ठरवलं तर चालेल का? चालत असेल तर कारण अजून पुरेसं जवळचं नाही.

नकाशा आधी काढा

ग्रीक पुराणांचा मोठा उपकार म्हणजे त्यातली बहुतेक ठिकाणं आजही नकाशावर आहेत. डेल्फी पार्नासस पर्वताच्या उतारावर आहे. पाताळाचं एक दार पेलोपनीस या दक्षिण ग्रीसमधल्या द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला टेनारमच्या गुहेत होतं असं मानत. आणि स्टिक्स नावाने ओळखला जाणारा धबधबा त्याच द्वीपकल्पात, प्राचीन आर्केडियाच्या उत्तरेला केल्मोस पर्वताच्या कड्यावरून खाली येतो, सुमारे २०० मीटर. इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनिअस या पाण्याबद्दल लिहितो की ते काच फोडतं, मातीची भांडी फोडतं, धातू खाऊन टाकतं, सोनंसुद्धा. टिकतो तो फक्त घोड्याचा खूर.

हे वाचल्यावर मला माझ्या कादंबरीचा कणा मिळाला. मिर्टोला ते पाणी आणायचं असेल तर खुराचा पेला हवा. तो कुठे मिळेल? ब्राउरॉनहून आर्केडियाला निघालं की रस्ता अथेन्स, एल्युसिस, मेगारा असा करत कॉरिंथच्या चिंचोळ्या संयोगभूमीवरून जातो. आणि कॉरिंथमध्ये पायरीनी नावाचा झरा आहे, जिथे पेगासस हा पंखांचा घोडा पाणी प्यायला यायचा आणि तिथेच बेलेरोफोन या वीराने त्याला लगाम घातला. घोडा आणि झरा एकाच जागी! पेला तिथेच मिळणार हे नकाशानेच ठरवून टाकलं. कागदावर बोट ठेवून रस्ता चालून बघितलात की असे योग पुष्कळ सापडतात. त्याच रस्त्यावर अथेन्सचा वीर थीसिअस याने मारलेले दरोडेखोर एकामागून एक बसलेले होते: एल्युसिसजवळ प्रोक्रस्टीस, मेगाराच्या कड्यांवर स्कायरॉन, संयोगभूमीवर पाइनची झाडं वाकवणारा सिनिस. थीसिअस अथेन्सकडे येत होता, मिर्टो उलट दिशेने जाते. मी तिला थीसिअसच्या आधी पाठवली आहे, त्यामुळे तिच्या वाटेवर हे सगळे अजून जिवंत आहेत.

भीतीचं एक प्रकरण लिहिताना

प्रोक्रस्टीसची कथा सगळ्यांना अर्धीच माहीत असते: पाहुणा पलंगापेक्षा लांब निघाला तर कापायचा, आखूड निघाला तर ताणायचा. अपोलोडोरसच्या नावावरच्या संग्रहात एक भयंकर सुंदर तपशील आहे. पलंग दोन होते, एक मोठा, एक लहान. उंच माणसाला लहान पलंग, बुटक्याला मोठा. म्हणजे बरोबर मापाचा पाहुणा कधी निघणारच नव्हता.

इथे अट आहे आणि अटीतच लबाडी आहे. हे प्रकरण लिहिताना मी हातोडा किंवा करवत एकदाही दाखवत नाही. यजमानाचा गोड आवाज दाखवते, गरम जेवण दाखवते, गाठी मारलेली मापाची दोरी दाखवते. तो मिर्टोला मोठ्या पलंगाकडे नेतो आणि म्हणतो, "माझ्या घरी कुणाचीही गैरसोय होत नाही, बाळ. प्रत्येक जण पलंगाला अगदी बरोबर बसतो." यानंतर लगेच काही होऊ देऊ नका. मुलीला पाणी मागू द्या, तहान लागल्याचं निमित्त करून मागच्या खोलीत जाऊ द्या, तिथे पडद्यामागे दुसरा पलंग दिसू द्या. दुसरा पलंग दिसला की हुशार मुलं पान उलटायच्या आत ओरडतात, कारण लबाडी त्यांनी स्वतः पकडलेली असते. मिर्टो तो मापायला येण्याआधीच जाऊन लहान पलंगावर आडवी होते. डोकं एका टोकाला, टाचा दुसऱ्या. आता त्याच्याच नियमाने त्याला तिला हात लावता येत नाही.

वाचकाला अट नायिकेच्या आधी किंवा तिच्याबरोबर कळली पाहिजे, नंतर कधीच नाही. सुटका झाल्यावर 'खरं तर असा नियम होता' असं सांगणारा लेखक मुलांचा विश्वास घालवतो. खुराचा पेलाही असाच पेरायचा. मी तो पहिल्यांदा दाखवते तेव्हा तो एका मोतद्दाराच्या फडताळातला ओबडधोबड, कुणाला नको असलेला पेला असतो.

देवांचं काय करायचं, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. देव मदतीला आला की मुलाला काही करायला उरत नाही. यावर उपाय पुराणांनीच देऊन ठेवला आहे: एका देवाने केलेलं दुसऱ्या देवाला पुसता येत नाही. हेराने टायरेसिअस या माणसाला आंधळं केलं, तिच्या नवऱ्याला, देवांचा राजा झ्यूसलाही त्याचे डोळे परत देता आले नाहीत. त्याने बदल्यात भविष्य बघण्याची शक्ती दिली. हा नियम कादंबरीत लवकर, स्पष्ट शब्दांत सांगून टाका. मग देव बाजूला एखादी भेट देऊ शकतो, रस्ता दाखवू शकतो, गाठ मात्र सोडवू शकत नाही. देवांचं घर असलेल्या ऑलिंपसवर तर मुलांना नेऊच नका. २,९०० मीटरहून उंच असलेल्या त्या पर्वताच्या सर्वोच्च शिखरावर माणूस पोचल्याची पहिली नोंद १९१३ सालची आहे. इतकी शतकं ते शिखर ढगांत राहिलं, तुमच्या पुस्तकातही राहू द्या.

देवांना मोठ्यांसारखं गंभीर ठेवायचीही गरज नाही. हर्मीस पहाटे जन्मला, दुपारपर्यंत त्याने कासवाच्या कवचाची वीणा बनवली आणि संध्याकाळी अपोलोच्या पन्नास गायी उलट्या चालवत चोरून नेल्या, म्हणजे पावलांचे ठसे भलतीकडे जावेत. त्याची जन्मगुहा किलीनी पर्वतात आहे, मिर्टोच्या वाटेला लागून. आर्टेमिस तीन वर्षांची असताना ब्राँटीस सायक्लोप्सच्या मांडीवर बसली आणि तिने त्याच्या छातीवरचे केस मूठभर उपटले, असं ग्रीक कवी कॅलिमाकस सांगतो. झ्यूसकडे तिने सोबतिणी म्हणून ओशनसच्या साठ मुली मागितल्या, आणि त्या सगळ्या नऊ वर्षांच्या. देवसुद्धा कधीतरी आपल्या वयाचे होते, हे मुलांना सांगायला विसरू नका.

नावांचा गुंता मोठा असतो. एका प्रकरणात तीनपेक्षा जास्त नवी नावं नकोत. ग्रीक आणि रोमन नावांची सरमिसळ नको. हेराक्लीस म्हटलं की शेवटपर्यंत हेराक्लीस, मधेच रोमन हर्क्युलिस नको. आणि होमरची युक्ती उचला: त्याचे श्रोते कानाने ऐकत होते, म्हणून तो नावाला विशेषण बांधतो, पहाट येते ती गुलाबी बोटांची. मिर्टोच्या कथेत स्टिक्स दर वेळी 'चांदीच्या खांबांची स्टिक्स' म्हणून येते, कारण हेसिअडने तिच्या घराला चांदीचे खांब आणि खडकांचं छप्पर दिलं आहे. दोन-तीनदा ऐकल्यावर मुलं विशेषण आधीच म्हणून मोकळी होतात.

खाण्यापिण्यात जवाची भाकरी, ऑलिव्ह, अंजीर, चीज, मध, मासे. टोमॅटो, बटाटा, मका नाही, ती अमेरिकेतून फार नंतर आलेली पिकं. साखर नाही. पुराणकाळ दाखवत असाल तर नाणीही नकोत, वस्तू देऊन वस्तू घेऊ द्या. याहून जास्त तपशिलांत अडकू नका.

क्रूर भागांबद्दल माझं मत ठाम आहे. झ्यूसचा बाप क्रोनस आपली मुलं गिळतो, हे मुलं पचवतात, कारण ती सगळी जिवंत बाहेर येतात. देवांनी पाठलाग करून पळवलेल्या मुलींच्या कथा मात्र मी या वयासाठी घेत नाही. त्या सौम्य करून, प्रेमकथेचा मुलामा देऊन सांगणं मला पटत नाही. ज्या सांगता येत नाहीत त्या बारा-तेराव्या वर्षानंतर, नीट, खऱ्या रूपात सांगाव्यात.

शेवट लिहिताना पुन्हा अटीकडे या. तिला शेवटी सवलत दिलीत तर आधीची सगळी प्रकरणं फुकट जातात. माझ्या कादंबरीत स्टिक्स शिक्षा मागे घेत नाही, घेऊच शकत नाही. ती मिर्टोला खुराच्या पेल्यात पाणी भरून देते आणि सांगते की तूही यावर शपथ घेऊ शकतेस, पण मोडलीस तर तुझी गय नाही. मिर्टो परत येते, वर्ष भरतं, झऱ्याला पाणी येतं, नायड डोळे उघडते. पुढची नऊ वर्षं तिला देवांत जागा नाही, आणि मिर्टो शपथ घेते ती या नऊ वर्षांच्या सोबतीची. वीस वर्षांची होईपर्यंत. किंमत मुलाने स्वतः मोजली पाहिजे आणि ती मोठी आहे हे वाचकाला कळलं पाहिजे.

कादंबरीच्या मागे एक टिपण जोडा. त्यात जुनं काय आणि तुमचं काय ते वेगळं सांगा. मी लिहिणार आहे की शपथेची शिक्षा हेसिअडने ऑलिंपसवरच्या देवांसाठी सांगितली, ती नायडला मी लावली; अस्वल-प्रथेची पक्की नोंद इ.स.पू. पाचव्या शतकातली आहे, ती थीसिअसच्या आधी मी नेली. वेगवेगळ्या रूपांचीही एक-दोन उदाहरणं द्या. पाताळाच्या राजाने पळवून नेलेल्या पर्सेफनीने तिथे डाळिंबाचे किती दाणे खाल्ले, आणि त्यापायी तिला तिथे किती काळ राहावं लागतं? तिची आई डिमीटर हिच्या प्राचीन स्तोत्रात एकच दाणा आणि पाताळात वर्षाचा एक तृतीयांश, ओविडच्या 'मेटामॉर्फोसिस'मध्ये सात दाणे आणि अर्धं वर्ष. एवढं वाचून एखादं मूल आपल्या वहीत आठवा दाणा लिहायला बसलं, तर त्याला आधी अट विचारा.